मातीची ऊब मोजणारी सुई

मित्रांनो, मी सुई आहे खरी, पण उभ्या आयुष्यात मी एक बटणही लावलेले नाही. मला नेढे नाही, त्यामुळे धागा ओवायचा प्रश्नच येत नाही. माझी लांबी तुमच्या वितीएवढी आणि जाडी स्वेटर विणायच्या बारीक सुईएवढी. अंग पोलादाचे, वर काळी मूठ आणि मुठीतून निघालेली एक लांब तार. ती तार एका पेटीला जोडली की पेटीच्या काचेवर आकडे उमटतात. कपडे शिवणाऱ्या सुया मला आपल्यातली मानत नाहीत आणि दवाखान्यातल्या सुयांना मी वाया गेलेली वाटते. असो. माझे काम जमिनीला टोचण्याचे. कुठली माती ऊब किती भराभर पुढे नेते, ते मी सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे चष्मा लावलेल्या एक कारागीर बाई खिडकीपाशी बसत. माझ्या पोकळ अंगात त्यांनी केसासारख्या दोन तारा सोडल्या. एक तार वीज मिळाली की तापते. दुसरी, मी किती तापले ते कळवते. दोघींचा एकमेकींना धक्का लागू न देता त्या आत बसवायच्या म्हणजे श्वास रोखून करायचे काम. माझ्याआधीच्या चार सुया याच पायरीवर बाद झाल्या होत्या. मग मला ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवून पाहिले. ग्लिसरीन ऊब किती नेते ते आधीपासून पक्के ठाऊक असते, म्हणून आम्हा सुयांची परीक्षा त्यातच घेतात. मी बरोबर आकडा सांगितला. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला कापसात गुंडाळून ठेवले.

तिथून मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आले आणि ताईंच्या हाती पडले. त्यांना सगळे मातीताई म्हणत. चाळिशीच्या, अंगाने शिडशिडीत, गुडघ्यांवर कायम मातीचे दोन गोल डाग. ताईंनी पहिल्या दिवशी मला हातात घेऊन सगळ्यांना बजावले, "हिला तारेला धरून उचलायचं नाही. मुठीला धरायचं." तेव्हाच मला वाटले, आपले नशीब चांगले दिसते.

माझे काम समजायला सोपे आहे. मला मातीत खुपसायचे आणि माझ्यातून वीज सोडायची. मी आतून तापू लागते. माती ऊब झटकन पुढे नेणारी असेल, तर माझा ताप फार चढत नाही. तिने तो वाहून नेलेला असतो. माती कोरडी, भुसभुशीत, हवेने भरलेली असेल, तर ऊब माझ्याच अंगाशी अडून राहते आणि मी तापतच जाते. माझा ताप कसा चढला, त्यावरून मातीचा स्वभाव कळतो. पण घाई केलेली मला चालत नाही. खुपसल्यावर आधी मला मातीएवढेच गार होऊ द्यावे लागते. इतर लोक दोन मिनिटांत कंटाळत. ताई घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबत, तीही कुणाशी न बोलता.

घरी त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "घरात कुणी शिंकलं तर हिचं लक्ष नसतं, आणि मातीचा ताप मोजत गावभर फिरते." ताई हसत आणि मला रुमालाने पुसून खोक्यात ठेवत.

आमच्या बऱ्याच मोजण्या घरांसाठी आणि शाळांसाठी असायच्या. मित्रांनो, वर कितीही बर्फ पडो, जमिनीत दोन मीटर खाली थंडी फार उशिरा पोहोचते. तिथे उन्हाळ्यातली ऊब बरीच शिल्लक असते. चर खणून त्यात पाइपांची वेटोळी पुरायची आणि त्यांतून पाणी फिरवायचे. ते पाणी मातीतली थोडी थोडी ऊब वर आणते आणि एक पंप ती गोळा करून, वाढवून खोल्यांना देतो. धूर नाही की राख नाही. मात्र पाइप किती लांब टाकायचे, हे मातीवर अवलंबून असते. माती ऊब भराभर आणून देणारी नसेल, तर भर हिवाळ्यात पाइपांभोवतीची जमीनच गोठू लागते आणि पंप नुसता धापा टाकत बसतो.

आता मी तुम्हाला त्या रुग्णालयाची गोष्ट सांगते, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक त्या पाच दिवसांत घडले.

ते लकवा झालेल्या रुग्णांचे रुग्णालय होते. खाटा चाळीस. तिथली कोळशाची जुनी भट्टी कायमची बंद पडली होती आणि मुख्य डॉक्टरीणबाईंनी इमारत जमिनीच्या उबेवर चालवायचे ठरवले होते. आराखडा एका इंजिनियर साहेबांनी केला होता. साहेब मोठे टापटिपीचे. त्यांच्या नकाशावर एक रेघ वाकडी सापडली नसती. त्यांनी फाटकाजवळ एक खड्डा खणून पाहिला होता. ओली चिकणमाती लागली. कुठली माती ऊब किती नेते, याच्या पुस्तकातल्या तक्त्यात ओल्या चिकणमातीपुढे 'दीड' लिहिलेले होते. साहेबांनी दीड धरला आणि त्यावरून पाइपांची लांबी काढली. सोमवारी खणायचे यंत्र येणार होते. मोजणीचा कागद फाइलला लागतो, म्हणून गुरुवारी आम्हाला बोलावले.

ताईंनी रुग्णालयामागच्या मैदानात बारा खुणा केल्या. गिरमिटाने खोल भोके पाडायची, तळाशी मला लांब दांड्याने खुपसायचे, थांबायचे आणि मोजायचे. पहिल्या सहा ठिकाणी आकडा दीडच्या आसपास आला. शुक्रवारी सातव्या ठिकाणी मात्र मला सणसणून ताप चढला. आठव्या ठिकाणीही तेच. म्हणजे माती ऊब नेतच नव्हती; आकडा जेमतेम पाऊण. वर आलेली माती तर तशीच दिसत होती. तोच तपकिरी रंग, तोच चिकटपणा. नवव्या ठिकाणी मोजताना पेटीवरचे आकडे एकदम लुकलुकले, नाहीसे झाले आणि परत आले. साहेब नेमके तेव्हाच मागे उभे होते.

"ताई, तुमची सुई म्हातारी झालीय," ते म्हणाले. "आणि भोकात सैल बसली असेल, तर शेजारची हवाच मोजत असेल ती."

"असं होऊ शकतं," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, मला ते फार लागले. साहेबांचे बोलणे नव्हे, ताईंचे. पण त्यात खोटे काय होते? आकडे लुकलुकले ते मलाही जाणवले होते. माझ्या मुठीत कुठेतरी काहीतरी सुटले होते. मग आधीचे आकडे तरी खरे कशावरून? जिचे कामच खरे सांगण्याचे, तिला स्वतःबद्दल अशी शंका यावी, यापरते दुःख नाही.

शनिवारी ताई मला घेऊन इमारतीत गेल्या. मूठ उघडून पाहायला त्यांना एखादे टेबल हवे होते. तळमजल्यावर खिडकीपाशी एका आजोबांची खाट होती. त्यांची डावी बाजू लकव्याने गेली होती आणि बोलणे सावकाश झाले होते. दोन दिवस ते खिडकीतून ताईंना गुडघ्यांवर बसलेले पाहत होते.

"ते काय आहे, इकडे आण बघू," ते म्हणाले. "चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत मी."

नर्सने त्यांच्या खणातून भिंग आणि बारीक पेचकस काढून दिला. हे दोन जिन्नस त्यांनी रुग्णालयात येतानाही सोडले नव्हते. आजोबांनी भिंग डोळ्याला लावले. उजवा हात होताच. डावा हात ताई झाल्या.

"मूठ जरा तिरपी धर. अजून. आता हलू नको." मग त्यांनी पेचकसाचे टोक आत नेले. "हा बघ. तिळाएवढा स्क्रू आहे. ढिला झालाय. तारेला नीट धरत नाही. बाकी सगळं ठीक आहे. ज्यानं कुणी हे आत बसवलंय ना, त्याचा हात चांगला होता."

मला त्या खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंची आठवण झाली. हे त्यांच्या कानावर जायला हवे होते.

स्क्रू आवळून झाल्यावर ताईंनी मदतीला म्हणून आजोबांचा डावा हात उचलून पांघरुणात ठेवला आणि त्या एकदम थांबल्या. दोन घोंगड्या होत्या, तरी तो हात बर्फासारखा गार होता.

"गार आहे का?" आजोबांनी विचारले. "मला कळत नाही. नर्सनं धरला की तिच्या चेहऱ्यावरून कळतं."

ताईंनी पटकन मान खाली घातली. आपला चेहरा त्यांना वाचता येऊ नये म्हणून असावे.

रुग्णालयाच्या औषधखोलीत ग्लिसरीन होते. ताईंनी त्यातच माझी परीक्षा घेतली. आकडा आला तो कारखान्यातलाच, शेवटच्या दशांशापर्यंत. तेवढ्यावर दुसरे कुणी समाधान मानले असते. ताईंनी मानले नाही. रविवारी सुट्टी असून त्या आल्या. बाराही ठिकाणी नवी भोके पाडली, मी घट्ट बसेन अशी. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजले. गुडघ्यांखाली घेतलेले पोते भिजून गेले. शेवटच्या सहा ठिकाणी दर वेळी तेच आले: पाऊण, पाऊण, पाऊणच्याही थोडे खाली. मग त्यांनी एक लोखंडी कडे मातीत ठोकून मैदानाच्या दोन्ही भागांतली माती काढली, न दाबता दोन सारख्या डब्यांत भरली आणि डब्यांना झाकणे लावली.

सोमवारी सकाळी खणायचे यंत्र फाटकात उभे होते. डॉक्टरीणबाई शाल गुंडाळून मैदानात आल्या. साहेब नकाशा घेऊन तयारच होते.

ताईंनी दोन्ही डबे औषधखोलीतल्या काट्यावर आधीच तोलून पाहिले होते. आता त्यांनी ते साहेबांच्या दोन हातांत दिले. "दोन्ही सारखेच भरलेत. रंगही सारखा. फक्त हातात धरून बघा."

साहेबांनी डबे हातात वरखाली केले. एक स्पष्ट हलका होता.

"मैदानाच्या या अर्ध्या भागात माती आहे, पण ती बसलेली नाही," ताई म्हणाल्या. "आत हवाच हवा आहे. तुमचे पाइप इथे पुरले तर ते रजईत गुंडाळल्यासारखे होतील. भोवतीच्या जमिनीतली ऊब त्यांच्यापर्यंत पोहोचायची नाही."

"जागा बदलायची तर तीन आठवडे जातील," साहेब म्हणाले. "थंडी सुरू होईल तोवर."

डॉक्टरीणबाईंनी ताईंकडे पाहिले. "तुमची किती खात्री आहे?"

"यात माझी काय चूक असेल, ती शोधायचा सगळ्यांत जास्त प्रयत्न मीच केलाय," ताई म्हणाल्या. "मला सापडली नाही. साहेबांनाही शोधू द्या."

मग जे झाले, त्यामुळे मी साहेबांनाही जन्मभर मान देत आले. त्यांनी नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला, इस्त्रीच्या विजारीचा विचार न करता ओल्या मातीत गुडघे टेकले आणि मला हातात घेतले. मुठीलाच धरले. दहाव्या भोकात मला खुपसून ते पंधरा मिनिटे गप्प बसून राहिले. आकडा आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. मग उठले आणि थेट कार्यालयात जाऊन इमारतीचे जुने कागद काढायला लावले. दुपारी एक पिवळा पडलेला नकाशा घेऊन परत आले. इमारतीचे तळघर खणले, तेव्हाची सगळी माती मागच्या घळीत नुसती लोटून दिली होती. कुणी ती धुम्मसाने ठोकून घट्ट बसवली नव्हती.

"हे मी आधी पाहायला हवं होतं," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, पण तोंड ताईंकडे होते.

त्याच दिवशी ताईंनी कपडे वाळत घालायच्या अंगणापलीकडची सखल जागा मोजली. खाली ओली वाळू होती, दाबून बसलेली. तिथे मला ताप असा चढलाच नाही. आकडा तक्त्यातल्या दीडच्याही वर गेला. अर्धी वेटोळी तिकडे न्यायचे ठरले.

पण तीन आठवडे लागायचे ते लागलेच, आणि थंडीही कुणासाठी थांबली नाही. खोल्यांत विजेचे लहान हीटर ठेवले, तरी पहाटे भिंती गार पडत. हा उशीर आपल्यामुळे झाला, हे ताईंच्या मनातून जाईना. काम सुटले की त्या रुग्णालयात जात आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरून खाटाखाटांवर फिरत. चौथ्या दिवशी सासूबाई त्यांच्याबरोबर निघाल्या. "एकटीनं चाळीस पिशव्या भरणार आहेस का? चल," एवढेच म्हणाल्या. त्या पिशवी देण्याआधी प्रत्येक रुग्णाच्या पायाला हात लावून पाहत. मातीचा ताप मोजण्याबद्दल त्या पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत.

पंप सुरू झाला तेव्हा काहीच घडले नाही, असेच सगळ्यांना वाटले. भट्टीसारखी धग नव्हती की आवाज नव्हता. जमिनीची ऊब हळूहळू येते. दीड दिवसाने फरश्या कोमट झाल्या. मी ताईंच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. नर्सने खिडकीपाशी जाऊन आजोबांचा डावा हात हातात घेतला. आजोबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. थोडा वेळ पाहतच राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि गाढ झोपी गेले.

ऐन कडाक्यात, झाडांवर दंव गोठलेले असताना, ताई पुन्हा आल्या आणि वेटोळ्यांशेजारची माती मोजली. कुठेही गोठली नव्हती. खोल्या उबदार होत्या. नंतर ते साहेब कुठल्याही आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधी ताईंना फोन करीत, आणि नवख्या इंजिनियरांना सांगत, "तक्ता पुस्तकात असतो, पाइप जमिनीत. आधी मातीताईंना विचारा." लोकांनी माझीही वाहवा केली. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर मी नुसती तापले होते. थांबल्या होत्या त्या ताई.

पुढची कित्येक वर्षे आम्ही हिंडलो. मग प्रयोगशाळेत नवे यंत्र आले. त्याला पडदा होता, ते आकडे स्वतःच लिहून ठेवायचे. ताईंना बढती मिळून त्यांचे काम वरच्या मजल्यावर गेले आणि मी एका खणात गेले. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्या होत्या. एकदा कुणीतरी मला घेऊन वाळलेल्या गोंदाच्या नळीचे तोंड मोकळे केले. तेव्हा माझ्या अंगाला बाक आला. दुखले, पण त्याहून वाईट याचे वाटले, की मी कोण आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी लोकांनी ताईंना फुले दिली, भाषणे केली. सगळे झाल्यावर त्यांनी साठवणीची खोली उघडायला सांगितली आणि एकेक खण पाहिला. मी सापडले तेव्हा त्यांनी माझ्या अंगावरचा गोंद नखाने खरवडून काढला. बाक त्यांनी सरळ केला नाही. आतल्या तारा तुटल्या असत्या. त्यांनी मला ग्लिसरीनमध्ये बुडवले. आकडा बरोबर आला. ताईंनी मला रुमालाने पुसून आपल्या पिशवीत ठेवले.

आता त्या आठवड्यातून दोन दिवस एका तंत्रशाळेत शिकवतात आणि मी तिथल्या टेबलावर असते. वाळू, चिकणमाती, राखेची माती अशी घमेली भरून ठेवलेली असतात. मुले-मुली मला खुपसतात, थांबतात, वहीत लिहितात. माझे हे म्हातारपण मजेत चालले आहे.

तरी एक गोष्ट पाहिली की माझा जीव खाली-वर होतो. कुणाचा तरी आकडा तक्त्यातल्या आकड्याशी जुळत नाही. ते मूल इकडेतिकडे पाहते, हळूच आपला आकडा खोडते आणि तिथे तक्त्यातला लिहिते.

मित्रांनो, असे करू नका. मला पुसून कोरडी करा, माझी तार पक्की बसली आहे ना ते बघा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. चूक माझी निघाली, तर मला दुरुस्त करा. तुमची निघाली, तर लाजू नका. आणि कुणाचीच निघाली नाही, तर तो आकडा शाईने लिहा.